वईच्या आतला कार्तिक

लातूरच्या माणसाला कोकण दाखवायचं असेल तर त्याला आधी समुद्रावर नेऊ नये, विहिरीवर न्यावं. समुद्र आम्ही सिनेमात पाहिलेला असतो. पण पाऊस जाऊन महिना उलटला तरी चार हात दोर सोडला की कळशी बुडते, अशी विहीर आम्ही सिनेमातही पाहिलेली नसते. हेदवीत तात्यांच्या परसातली ती चिऱ्यांनी बांधलेली विहीर दिसली आणि माझी नजर आधी इकडंतिकडं फिरली. एवढं पाणी उघड्यावर, आणि त्याला कुलूप नाही, पाळी नाही, भांडण नाही! एप्रिल २०१६ मध्ये आमच्या शहरासाठी मिरजेहून आगगाडीनं पाणी आणावं लागलं होतं. ज्यानं ते दिवस काढलेत त्याला भरलेली विहीर बघून आनंद व्हायच्या आधी धास्तीच वाटते.

इथं मला आणलं भाच्यानं. तो गुहागर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. मराठवाड्यात डी.एड. करून कोकणात नेमणूक मिळालेली आमच्याकडची पोरं इथं गावोगाव आहेत. दिवाळीला गावी येतात, सुट्टी संपली की परततात आणि आंतरजिल्हा बदलीच्या अर्जावर डोळे लावून बसतात. यंदा निघताना तो म्हणाला, “मामा, चला. सोयाबीन निघालं, हरभरा पेरून झाला. आता तुम्हाला काम काय?” खरंच नव्हतं. आमच्या काळ्या रानात कार्तिक हा हात बांधून बसण्याचा महिना. पेरलं, की पुढचं जमिनीतल्या ओलीवर, थंडीवर आणि नशिबावर सोडायचं. येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, रानात आंबील-भज्जी खायला जायचं, तेवढंच काम उरतं.

कराड, पाटण ओलांडून कोयनानगर आलं आणि आश्चर्याचा पहिला धक्का तिथंच बसला. धरणात अडवलेलं पाणी डोंगराच्या पोटातून पश्चिमेला उतरवायचं, त्याची वीज करायची आणि मग ते वाशिष्ठी नदीत सोडून द्यायचं, की गेलं समुद्राला! कृष्णा पाणीतंटा लवादानं यासाठी वर्षाला ६७.५ टीएमसी पाणी ठरवून दिलेलं आहे. आमच्या मांजरा धरणाची सगळी क्षमता आठ टीएमसीच्या आसपास, आणि तेही भरलं तर माणसं नारळ घेऊन ओटी भरायला जातात. म्हणजे आठ मांजरा धरणं दरसाल दिवे लावून खाऱ्या पाण्यात जातात. कुंभार्ली घाट उतरेपर्यंत मी हाच हिशोब भाच्याला ऐकवत होतो. त्याला तो पाठ झालेला असावा. तो झोपी गेला.

चिपळूण, शृंगारतळी आणि मग समुद्राकडं वळत, चढत, उतरत हेदवी. गाव उभं आहे. वर सडा, म्हणजे जांभ्या कातळाचं सपाट माथं. कार्तिकात त्याच्यावरचं गवत पिवळं पडलेलं. उतारावर आंबा-काजूच्या सावलीत घरं. खाली व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, दोन्ही अंगांना भाताची खाचरं, नारळी-पोफळीच्या वाड्या, आणि मग समुद्र. एका वाडीतून दुसऱ्या वाडीत जायला चिऱ्यांच्या पायऱ्यांच्या पाखाड्या. आमच्याकडं गावात उभं राहून चहूकडं नजर टाकली की चार कोसांवरचं गाव दिसतं. इथं शेजारचं घर दिसत नाही, नुसता त्याच्या चुलीचा धूर दिसतो.

भाचा ज्यांच्या घरी खोली घेऊन राहतो ते तात्या आणि काकी, दोघंही साठीच्या पुढची. घर, परस आणि वाडी मिळून जमीन एकराच्या आत. भाताची खाचरं दोन ठिकाणी, तीही एकत्र केली तर अर्धा एकर भरतील. वर सड्यावर गवताचा एक तुकडा आणि हापूसची काही कलमं, तीही दरसाल व्यापाऱ्याला कराराने दिलेली. अकरा एकरांच्या मालकाला साजेशा सुरात मी मनाशी म्हटलं, एवढ्याशा जमिनीला हे दोघं दिवसभर करतात तरी काय?

उत्तर पहाटेच मिळालं. अंधारात गोठ्यातून काकींचा आवाज येत होता. त्या कुणाशी तरी भांडत होत्या. “कपिले, काल तुला दोन पेंढ्या जास्त दिल्या ना? मग तिच्या गव्हाणीत तोंड कशाला?” गोठ्यात कपिली, चांदी आणि एक पाडी अशी तीन जनावरं. देवणीच्या मुलखातला माणूस मी. आमच्याकडचा देवणी बैल दारात उभा राहिला की दार भरतं. इथल्या गाई कमरेला लागतील एवढ्या. तांबूस, चपळ, बारीक खुरांच्या. मला आधी ती वासरंच वाटली. ही अशीच असतात. कर्नालच्या राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्यूरोनं त्यांची ‘कोकण कपिला’ या नावानं स्वतंत्र गोवंश म्हणून नोंद केलेली आहे. सड्याचा चढ, जूनपासूनचा पाऊस आणि निकृष्ट चारा या तिन्हींत टिकायला अंगानं लहानच असावं लागतं. आमचा देवणी बैल त्या पाखाडीवर पहिल्या वळणालाच अडला असता.

दूध किती? चांदी आटलेली होती आणि कपिलीनं पाडीचं पोट भरल्यावर तांब्याभर दिलं. चहा झाला, संपलं. थोड्या वेळानं भाचा दुकानातून दुधाची पिशवी घेऊन आला. ती पिशवी घाटावरून आलेली! “मग गाई ठेवता कशाला?” मी विचारलं. तात्या हसले आणि मला गोठ्यामागं घेऊन गेले. तिथं गायरी होती, शेणखताचा खड्डा. गोठ्यात रोज वाळका पाला आणि गवत अंथरायचं, रात्रभर गुरांनी ते तुडवायचं, भिजवायचं, सकाळी खराट्यानं ओढून इथं टाकायचं. “ही आमची डेअरी,” तात्या म्हणाले. “दूध येतंय वरून. शेण कोण पाठवील?”

जांभ्याच्या तांबड्या मातीत ओल आणि कस दोन्ही थांबत नाहीत. पावसाळ्यात इथं तीन हजार मिलिमीटरच्या वर पाणी पडतं, ते जमिनीतला कस धुऊन नेतं. म्हणून दरवर्षी प्रत्येक झाडाच्या आळ्यात नव्यानं खत घालायचं. कोणत्या माडाला किती घमेली, हे तात्यांना तोंडपाठ. वहीत काही नाही. विहिरीकडच्या माडाला चार घमेली, कारण त्याला न्हाणीचं पाणी मिळतं. चिऱ्यांच्या बांधाजवळच्याला सहा, कारण खाली कातळ लागलाय आणि मुळं आडवी गेलीत. एक म्हातारा माड आता वर्षाला वीस-पंचवीस नारळ देतो, त्याला दोन, “पेन्शन” म्हणून. वर माडाच्या आळ्यात मूठभर मीठही टाकतात! आमच्याकडं जमिनीला मीठ फुटलं की शेत गेलं म्हणून माणूस कपाळाला हात लावतो. इथं पिशवी विकत आणून घालतात आणि माड ते आनंदानं खातो.

इथून पुढं माझ्या लक्षात यायला लागलं की मी ज्याला शेती म्हणतो ती आणि ही, यांत फरक आकाराचा नाही. आम्ही पीक करतो. एका दिवसात तिफणीनं चार एकर पेरतो आणि मग त्या चार एकरांचं एकच नाव असतं, हरभरा. त्यातलं एखादं झाड मेलं की जगलं, कोण विचारतो? तात्यांच्या वाडीत पीक नव्हतंच. तिथं होते माड, पोफळी, जायफळं, केळी, मिरवेली. आणि त्यातल्या प्रत्येकाला स्वतःची जागा, स्वभाव आणि इतिहास. पोफळीच्या बुंध्याला दुपारनंतरचं ऊन सोसत नाही, साल करपते. म्हणून पश्चिमेच्या कडेला केळीची रांग उभी. पोफळीवर मिरीचा वेल चढवलेला, पन्नियूर जातीचा. माडांच्या अर्ध्या सावलीत जायफळ. एका जायफळाखाली उभं राहून मी म्हटलं, “याला फळ नाही.” “येणारच नाय,” तात्या म्हणाले, “नर हाय तो.” जायफळात नर आणि मादी झाडं वेगवेगळी, सात-आठ वर्षं वाढवल्यावर फुलं आली तेव्हा कळलं. मग तोडला नाही? “बाकीच्यांना लागतो ना. एक ठेवावा.” भाट्याच्या प्रादेशिक नारळ संशोधन केंद्रानं याच मिश्र लागवडीला शिस्त लावून ‘लाखी बाग’ नावानं तिचा प्रसार केला. एकाच पाण्यात आणि एकाच खतात माड, मिरी, जायफळ, दालचिनी, केळी, असा तो हिशोब. तात्यांची बाग लाखी नाही, पण रचना तीच.

पण कार्तिकातलं खरं काम वाडीत नव्हतं, परसात होतं, आणि तिथं सुरुवात बियाण्यानं नाही तर कुंपणानं होते. भात कापून झालं की गावातली गुरं उनाड सुटतात. वर्षानुवर्षांचा रिवाज. पावसाळाभर राखण करून दमलेली माणसं दावं सोडतात. खाचरांत, सड्यावर, पाखाडीवर जिथं हिरवं दिसेल तिथं गुरांचं तोंड. त्यामुळं ज्याला पावसानंतर काही पिकवायचं असेल त्यानं आधी वई घालावी. तात्या आणि भाचा दोन सकाळ तेच करत होते. खाली गडगा, म्हणजे नुसते चिरे रचून केलेला कोरडा बांध. त्याच्यावर काट्याची शिरडं दाबून बसवायची, मध्येमध्ये ओल्या फांद्यांचे खुंट रोवायचे, ते पुढं फुटून जिवंत कुंपण होतं. आत-बाहेर करायला बेडं: दोन खांबांना भोकं आणि त्यांत सरकवलेले आडवे दांडे. माणूस ते सरकवून जातो, गुराला जमत नाही. कपिलीला जमतं, असं काकींचं म्हणणं. म्हणून तिच्यापुरतं बेड्याला वरून दोरीही बांधलेली.

आमच्याकडं जनावर दुसऱ्याच्या रानात शिरलं तर त्यावरून डोकी फुटतात. इथं ज्याचं पीक त्यानं जपायचं. गुराला दोष नाही. मी तात्यांना म्हटलं, पोळ्याला आम्ही बैलाला देव करतो, पण बांध ओलांडला की काठी घालतो. त्यांच्याकडं आमच्यासारखा पोळाच नाही. गुरांचा मान बलिप्रतिपदेला. त्या दिवशी शिंगं रंगवून, अंगावर गेरूचे ठसे उमटवून, गोडधोड घालून पूजा करतात. कपिलीच्या पाठीवर तो पुसट ठसा अजून दिसत होता.

वई झाली आणि काकींनी परस ताब्यात घेतलं. त्यांचं बियाणं चुलीवरच्या माळ्यावर होतं. वाळक्या दुधीच्या भोपळ्यात पडवळाचं बी, राख चोळलेला पावटा मडक्यात, लाल माठाचं काळं चकचकीत बी पुरचुंडीत. आढ्याला मोठमोठी पिकलेली तवसं सुंभाच्या शिंकाळ्यात टांगलेली. ही पावसाळ्यातली काकडी तशीच टांगून कित्येक महिने टिकते आणि लागेल तेव्हा तिचं धोंडस किंवा घावन होतं. घरात शीतकपाट होतं, पण त्यात माझ्या माहितीप्रमाणं बर्फ, विरजण आणि भाच्याची औषधं एवढंच होतं.

परसाचे वाफे अंथरुणाएवढे. एकात लाल माठ, एकात मुळा, एकात नवलकोलाची रोपं, मधल्या पाटाच्या कडेनं वांगी आणि मिरची. गडग्याच्या कडेला पावटा, तो मात्र टोकून: बोटानं भोक, त्यात तीन दाणे, वर मूठभर गायरीतलं खत, त्यावर पालापाचोळा. “तीन कशाला?” “एक पाखराला, एक किड्याला, एक आपल्याला,” असं काहीतरी सुभाषित मला अपेक्षित होतं. काकी म्हणाल्या, “दोन रुजतात, एक कुजतो. बी जुनं हाय.” खाली खाचरात भात कापल्यावरच्या ओलीत कुळीथ पेरलेला होता. त्याला ना पाणी, ना खत. ओल आहे तोवर वाढायचं आणि मिळेल ते द्यायचं. सगळ्या त्या व्यवस्थेत मला ओळखीचं वाटलं ते हे एकच पीक. आमच्या हरभऱ्यासारखं बेवारस.

पाणी घालण्याचा सोहळा संध्याकाळी. माड-पोफळींना पंप आणि पाट. पण कोवळ्या रोपांना काकी कळशीनंच घालतात, हात आडवा धरून, बोटांतून. भांडी घासलेलं पाणी अळूला, न्हाणीचं विहिरीकडच्या माडाला आणि केळीला, मासे धुतलेलं लिंबाला. आणि एवढं पाणी विहिरीत असताना ही काटकसर कशाला, हे मला कळेना. मी तसं बोलूनही दाखवलं. तात्यांनी मला पुन्हा विहिरीशी नेलं आणि आतल्या चिऱ्यांवरची ओलीची रेघ दाखवली. “ही गणपतीतली. ही दसऱ्यातली. शिमग्यात तो खालचा काळा थर दिसंल. मे महिन्यात तळ.” सह्याद्रीपासून समुद्रापर्यंतची ही पट्टी रुंदीला पन्नासेक किलोमीटर, उतार तीव्र आणि जांभा सच्छिद्र, वरून कोसळलेलं पाणी धावत समुद्र गाठतं, मुरलेलंही झऱ्यांवाटे पाझरून जातं. रत्नागिरी जिल्ह्यातल्या कितीतरी वाड्यांना एप्रिल-मे महिन्यांत टँकर लागतो. आमच्या चौपट पाऊस, आणि टँकर! लातुरात मी ही गोष्ट सांगितली तर मला थापाड्या म्हणतील. काळी माती निदान हाताशी आलेलं पाणी धरून ठेवते. इथं ते धरायला माणसाचे हातच लागतात.

दिवसाचा मधला भाग शेळ्या-कोंबड्यांचा. शेळ्या चार, मूळच्या सिंधुदुर्गाकडच्या कन्याळ जातीच्या. तोंडावरून पांढरे पट्टे उतरलेले, कान लांब. त्या दिवसा सड्याच्या उतारावर आणि रात्री घराच्या पडवीत, दाराला आतून अडसर. कारण बिबट्या. त्याच्याविषयी तात्या जावयाविषयी बोलावं तसं बोलतात: येतो अधूनमधून, सांगून येत नाही आणि रिकाम्या हातानं जात नाही. कोंबड्या झापाखाली, एक रवणीला बसलेली, तिच्याजवळ कुणी गेलं की ती फुगून दुप्पट व्हायची.

पण बिबट्यापेक्षा धाक वानर-माकडांचा. बिबट्या एक शेळी नेतो, माकडांची टोळी अर्ध्या तासात महिन्याचं काम नेते. कोवळे नारळ पाडायचे, पडवळ अर्धं चावून टाकायचं, नवलकोल उपटून बघायचा आणि नापसंत म्हणून फेकायचा. वईला ती जुमानत नाहीत. म्हणून परसाभोवती काकींच्या जुन्या साड्या ताणलेल्या, हिरव्या, जांभळ्या, काठापदराच्या. त्यातली एक दाखवून काकी म्हणाल्या, “ही थोरल्याच्या बारशाची.” तो थोरला आता विरारला असतो. रात्री रानडुकरं आणि साळिंदर. पूर्वी सड्याखालच्या जमिनीत नाचणी, वरी व्हायची. आता राखणीला माणूस नाही म्हणून ती पडीक.

जेवणाचं सांगायला हवं, नाहीतर प्रवासवर्णन अपुरं. तांदळाची भाकरी, कुळथाचं पिठलं, लाल माठाची भाजी, आणि सकाळी दारात आलेल्या मासळीवालीकडून घेतलेले बांगडे. ज्वारीवर वाढलेल्या माणसाला तांदळाची भाकरी आधी खोटी वाटते: पांढरी, मऊ, चावायच्या आधी संपणारी. तिसऱ्या भाकरीला मत बदललं. बांगड्याचे काटे काढायचं काम मात्र मला जमलं नाही. ते मांजरानं पार पाडलं.

एका दुपारी भाच्यानं गाव दाखवलं. टेकडीवरचं दशभुजा लक्ष्मी-गणेशाचं देऊळ चिऱ्यांच्या तटात आहे, दहा हातांची पांढरीशुभ्र संगमरवरी मूर्ती. ती काश्मिरातून घडवून आणली, असं सांगतात. खाली समुद्रकाठी उमामहेश्वराचं देऊळ आणि त्याच्या बाजूला बामणघळ. काळ्या खडकाला पडलेली ती अरुंद चीर. भरती लागली की लाट तिच्यात घुसते, कोंडते आणि उसळून आकाशात जाते. पर्यटक ओरडत होते, फोन वर धरत होते. मीही पाहिलं, भिजलो, थक्क झालो. पण खरं सांगायचं तर माझं मन तात्यांनी विहिरीत दाखवलेल्या त्या ओलीच्या रेघांवरच होतं.

परतताना पाखाडीवर दोन्ही अंगांना वाड्या लागल्या. काही राखलेल्या, बऱ्याचशा नाहीत. गडगे कोसळलेले, बेड्याचे दांडे गेलेले, माडांवर वाळक्या झावळ्या लोंबत असलेल्या. माड महिन्याला साधारण एक झावळी टाकतो. ती उचलायला कुणी नसलं की वर्षभरात बाग माणसाला आत येऊ देत नाही. घरांना कुलपं. ती गणपतीत आणि शिमग्यात उघडतात. नारळ काढायला पाडेली मिळत नाही. मिळाला तर दुसऱ्या दिवशी मिळत नाही. आंब्याच्या बागांत राखणीला नेपाळची माणसं. इथली माणसं मुंबईत, आणि नेपाळची माणसं इथं. आमच्याकडची पोरं पुण्यात आणि ऊसतोडीला गेली तरी शेत पडीक राहत नाही. एक ट्रॅक्टर भाड्यानं सांगितला की दिवसात पेरून मोकळा. इथं ट्रॅक्टर काय करील? पोफळीच्या प्रत्येक आळ्याशी वाकायला कुणीतरी लागतंच.

रात्री ओटीवर तात्यांनी माझी उलटतपासणी घेतली.

“तुमची जमीन किती?”

“अकरा एकर.”

“वई?”

“नाही. बांध आहे.”

“आन् झाडं किती?”

मी म्हटलं, बांधावर लिंबं आहेत, दोन बाभळी, एक आंबा आहे वाटतं. “वाटतं?” तात्या म्हणाले आणि थांबले. आतून काकींनी विचारलं, “अकरा एकराला शेण कुठनं आणता?” आणत नाही, पोत्यातलं खत टाकतो, असं मी सांगितलं. दोघंही माझ्याकडं अशा नजरेनं पाहायला लागली की ज्या नजरेनं मी त्यांची विहीर पाहिली होती. मग मी त्यांना आमचं सांगितलं: जूनमध्ये पाऊस लांबला तर दुबार पेरणी, ऐन काढणीत आला तर शेंगा काळ्या, आणि सगळं साधलं तर सोयाबीनचा भाव पडतो. तात्यांनी शांतपणे ऐकलं. “म्हंजे एकाच डावात सगळं,” ते म्हणाले. “आमचं एक झाड मेलं तर एकच मरतं.”

त्यांचं खरं होतं. पण त्या बोलण्याची दुसरी बाजू काकींनी सांगितली, भांडी आवरता आवरता. धाकटाही मुंबईला गेल्यापासून त्या दोघांनी एका वेळी घर सोडलेलं नाही. लग्नाला एक जातो, बारशाला दुसरी. मेलेलं झाड एकच असतं हे ठीक, पण जिवंत प्रत्येकाला रोज काहीतरी लागतं, आणि ते दुसऱ्याला सांगून होत नाही. काकींना एकदा पंढरपूर बघायचं होतं. माळ घातलेली नाही, नवस नाही, नुसतं बघायचं होतं, आणि तात्यांबरोबर बघायचं होतं. पंढरपूर आम्हाला जवळ. मी म्हटलं, माघीला या, तिथून दोन दिवस लातूरला चला, आमची बिनवईची शेती दाखवतो.

“आन् गुरं?”

“मी बघतो,” भाचा म्हणाला.

त्यावर काकी ओले हात पदराला पुसत बाहेर येऊन बसल्या आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली. कपिलीला आधी पेंढा, मग पाणी. उलट केलं तर ती दिवसभर रुसते. चांदी तोवर व्यालेली असंल, तिला आंबोण कोमट. झाप ठेवायच्या आधी पिलं मोजायची. बेड्याची दोरी दोन गाठींची. जायफळाला पंप नाय, पाटाचं पाणी वळवायचं, आन् तेबी अर्धा तास. मिरचीला सांजचं नाय, सकाळचं. भाच्यानं खिशातून पेन काढलं, मग शाळेची वही आणली. दोन पानं भरली तेव्हा यादी अजून कोंबड्यांपाशीच होती. मध्येच काकी थांबल्या, त्यांनी त्याच्याकडं संशयानं पाहिलं आणि विचारलं, “मास्तर, तुमच्या त्या बदलीचा कागद माघीच्या आदी तर नाय ना येनार?”